कोणाला सांगायचं

पीएच.डी.चा व्हायवा खुला असतो. कुणीही यावं, बसावं, ऐकावं, वाटलं तर प्रश्न विचारावा, असा नियमच आहे. तशी सूचना विभागाच्या नोटीस बोर्डावर लागते. पण त्या सूचनेवर विश्वास ठेवून येणारा माणूस नांदेडच्या विद्यापीठात मी एकच पाहिला. बाकी येतात ते उमेदवाराचे आईवडील, वर्गमित्र, आणि शेवटी मिळणाऱ्या उपम्यासाठी रेंगाळलेले शेजारच्या विभागातले दोघे-तिघे.

तो माणूस म्हणजे सर, लातूरचे. तिथल्या एका कॉलेजात आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मूळ घराणं उदगीरकडचं, लिंगायत, भावांची किराणा दुकानं. हे एकटेच शिकवण्याच्या वाटेला लागले. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोनशे पानी वही. सकाळची पहिली गाडी धरून ते नांदेडला यायचे. पंचाहत्तरी ओलांडल्यावर एसटी फुकट झाली, तेव्हा खिशातलं आधार कार्ड काढून सगळ्यांना दाखवत होते. "सरकारनं माझ्या संशोधनाला अनुदान दिलं बगा!"

हॉलमध्ये आले की शेवटच्या बाकावर, खिडकीशी. आधी रुमालानं बाक पुसायचे, मग चपला काढून बाकाखाली नीट जोडून ठेवायचे. देवळात बसल्यासारखे अनवाणी ऐकायचे. व्हायवा कशाचा आहे याचं त्यांना काही नसे. आज काळ्या मातीतले जिवाणू, परवा निजामाच्या काळातले उर्दू अर्ज, पुढच्या आठवड्यात कंधारच्या किल्ल्यातली वटवाघळं. एकदा एकाच दिवशी सकाळी ते भूकंपानंतर बांधलेल्या घरांवरचा प्रबंध ऐकायला समाजशास्त्रात होते आणि दुपारी काचेवरच्या कसल्याशा पातळ लेपाचा प्रबंध ऐकायला त्यांच्या स्वतःच्या भौतिकशास्त्रात. मधल्या वेळात लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. उपम्याला त्यांनी कधी हात लावला नाही.

एका बाहेरच्या परीक्षकांनी त्यांना विचारलं होतं, "सर, आपला विषय कोणता?"

"ऐकायचा," सर म्हणाले.

त्यांनी स्वतः पीएच.डी. केली नव्हती. का नाही, असं विचारलं की म्हणायचे, "एकाच खोलीत पाच वर्षं बसायचं म्हणजे बाकीच्या खोल्यांत काय चाललंय ते कसं कळणार?" मुलं हसायची. मीही हसायचे. त्या वेळी मी मराठी विभागात संशोधन करत होते, आणि हे म्हातारे गृहस्थ म्हणजे आमच्या करमणुकीचा भाग होते. त्यांची नक्कल मला चांगली जमायची. वर्गात हात वर करतात तसा ते हात वर करायचे, समोरचा परीक्षक त्यांच्या मुलाच्या वयाचा असला तरी, आणि परवानगी मिळाल्यावरच उभे राहायचे. प्रश्नही अगदी साधा असायचा. वटवाघळांच्या पोराला त्यांनी विचारलं होतं, "पहिल्यांदा तुम्ही किल्ल्यात शिरलात तेव्हा भ्या वाटलं का?" पोरगं गोंधळलं. संशोधन पद्धतीवर, संदर्भसूचीवर तयारी करून आलेलं. शेवटी म्हणालं, "हो सर, लई." सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्या वहीविषयी सांगायला हवं. एका व्हायव्याला एक पान. पानाच्या मधोमध पट्टीनं ओढलेली रेघ. डावीकडे प्रबंधात काय सापडलं ते चार ओळींत. उजवीकडे वर शीर्षक, 'कोणाला सांगायचं'. आणि हे नुसतं लिहून ठेवण्यापुरतं नसायचं. ते खरंच जाऊन सांगायचे. वटवाघळं किती किडे खातात ते त्यांनी किल्ल्याच्या राखणदाराला सांगितलं, कारण तो धूर करून त्यांना हाकलायचा. ज्या खेड्यांतल्या जुन्या अर्जांवर इतिहासाच्या मुलीनं प्रबंध लिहिला, त्यातल्या एका गावात जाऊन, "तुमच्या पणज्यानं विहिरीसाठी असा असा अर्ज केला होता," असं एका माणसाला पारावर बसून वाचून दाखवलं. त्या माणसाला म्हणे पणज्याचं नावही माहीत नव्हतं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट धर्माबादच्या मिरचीची. होम सायन्सच्या एका बाईंनी तिथल्या मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायकांवर प्रबंध लिहिला होता. हाताची दिवसदिवस आग, डोळ्यांची आग, तान्ह्या लेकराला हात लावता येत नाही. त्याच वर्षी पलीकडच्या इमारतीत रसायनशास्त्राची एक मुलगी मिरचीतल्या त्या तिखट द्रव्यावरच काम करत होती. दोन इमारतींमध्ये शंभर पावलांचं अंतर, पण दोघींना एकमेकींचा पत्ता नाही. सरांनी दोन्ही व्हायवे ऐकले. रसायनवालीला गाठून विचारलं, "मग हाताची आग कशानं जाईल?" ती म्हणाली, ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, आधी तेल चोळून पुसलं पाहिजे. झालं. सर दुसऱ्या दिवशी धर्माबादला. खळ्यावर बसलेल्या बायकांना त्यांनी हे समजावून सांगितलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मास्तर, आमच्या सासवा बी तेलच लावत व्हत्या की! तेल पुरत न्हाई, ते बोला!"

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. सर इतके खूश होऊन परत आले की विचारू नका. रसायनवालीला म्हणाले, "त्यांना आधीपासून माहीत हाय! लिहा तुमच्या पुढच्या पेपरात, ह्यांना आधीपासून माहीत हाय म्हणून!" ती हसली. पण तिनं लिहिलं.

फक्त गणिताच्या पानांवर उजवी बाजू कोरी राहायची. शुद्ध गणितातलं एखादं प्रमेय, त्याचा जगात कुणाशीच संबंध नाही, ते कोणाला सांगणार? एकदा मी मुद्दाम, चेष्टेनं विचारलं. ते म्हणाले, "आमच्या हिला सांगतो. जेवताना. तिला कळत न्हाई, मला बी न्हाई. पण ती ऐकते चांगलं."

मी त्यांना विचारलं तेव्हा त्या होत्या. नंतर वर्षभरात त्या वारल्या. सर महिनाभर आले नाहीत, मग पुन्हा यायला लागले. गणिताच्या पानांची उजवी बाजू आता खरोखरच कोरी झाली असणार. मी काही पाहिलं नाही. माझं तेव्हा तिकडं लक्ष नव्हतं.

माझा प्रबंध सीमेवरच्या बोलीवर होता. देगलूर, उदगीर, निलंगा, जळकोट या भागांत मराठीत मिसळलेले कानडी-तेलुगू शब्द, आणि जुने, फक्त बायकांच्या तोंडी राहिलेले शब्द. देगलूरला मी खरोखर फिरले. उदगीरला फिरले, निलंग्याला दोन वेळा गेले. जळकोटची गावं राहिली. मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती, सहायक प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि पदवी हातात असल्याशिवाय अर्जाला अर्थ नव्हता. एका दुपारी वसतिगृहाच्या खोलीत बसून मी जळकोटच्या एका गावाचं पूर्ण परिशिष्ट तयार केलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. एकदा लिहिलंय, तेवढं पुरे. शब्द उदगीरचेच घेतले, एखादा उच्चार फिरवला. निवेदक म्हणून बायकांची नावं घातली, वयं घातली. यादी फार सपक वाटायला लागली, म्हणून एक शब्द स्वतः केला.

'मागवळ'. अर्थ: पाहुणे निघून गेल्यावर घराला येणारं रिकामपण. निवेदक: सुभद्राबाई, वय अठ्ठ्याहत्तर, घरकाम.

मला तो शब्द जमला होता. त्याचा मला अभिमान वाटला, हेही सांगून टाकते. मार्गदर्शकांनी त्याच्याखाली रेघ मारून शेजारी 'छान' लिहिलं.

हे सगळं मी आता विद्यापीठाला लेखी दिलं आहे. आवक विभागातल्या क्लार्कनं पत्र उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, "मॅडम, असं पत्र कुणी देत नाही. हे कोणत्या फाईलला लावायचं?" निर्णय अजून आलेला नाही. पण ते नंतरचं.

माझ्या व्हायव्याला सर होतेच. शेवटच्या बाकावर, अनवाणी. मी सादरीकरणात 'मागवळ' मुद्दाम घेतला होता, कारण त्यावर लोक माना डोलावतात हे मला आधीच्या चर्चासत्रात कळलं होतं. परीक्षकांचे प्रश्न झाले. सरांनी हात वर केला.

"त्या सुभद्राबाई," ते म्हणाले, "हा शब्द बोलल्या तेव्हा काय करत होत्या?"

मी एक क्षणही थांबले नाही. "तूर निवडत होत्या, सर. ओसरीत बसून."

"आणि शब्द कशावरून निघाला?"

"त्यांची लेक आदल्या दिवशी सासरी गेली होती. त्या म्हणाल्या, घरात मागवळ आलीय."

हॉलमध्ये कुणीतरी 'वा' म्हणालं. माझी आई रडायला लागली. सर लिहीत राहिले, बराच वेळ.

उपमा वाटला जात असताना ते माझ्याकडे आले. नेहमी म्हणायचे तसं "काय संशोधक" म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, आमची ही जाऊन दोन वर्षं झाली. घरात मुलगा हाय, सून हाय, टीव्ही चालू असतो. तरी काहीतरी हाय घरात. काय हाय ते मला सांगता येत नव्हतं. आज तुमच्या त्या बाईनं सांगितलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना सांगायला पाहिजे, की तुमचा शब्द लातूरच्या एका माणसाच्या कामाला आला."

मी म्हटलं, "हो सर, नक्की." आणि पेढा पुढं केला.

नोकरी लागली. नांदेडच्याच एका कॉलेजात. दारावर नावाच्या आधी 'डॉ.' लागलं. सरांचे फोन सुरू झाले. सुभद्राबाईंचं घर कुठल्या गल्लीत? जायला गाडी कोणती? मी कधी तासावर आहे म्हणायचे, कधी सांगते नंतर म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला वाटलं, हे एकदाचं संपवावं. म्हटलं, "सर, त्या फार थकल्या होत्या हो. आता असतील की नाही कोण जाणे."

मला वाटलं, विषय मिटला. पलीकडून सर म्हणाले, "अरेरे. मग तर लवकर जायला पाहिजे."

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, मी स्टाफरूममध्ये होते. विभागप्रमुख समोर बसलेल्या, आणखी दोघे तिघे चहा पीत होते. अनोळखी नंबर.

"मॅडम का? मी गावचा उपसरपंच बोलायलोय." त्यानं नाव घेतलं ते गाव माझ्या परिशिष्टातलं होतं. "इथं लातूरचे एक म्हातारे सर आलेत. सुभद्राबाई कोण म्हून घरोघर विचारायलेत सकाळपासून. आमच्या गावात त्या नावाची बाईच न्हाई. मेलेली बी न्हाई. सर म्हणतात मॅडमच्या पुस्तकात हाय, मॅडमला विचारा. फोन स्पीकरवर टाकलाय, बोला."

मागं माणसांचा गलका ऐकू येत होता. एक शेळी ओरडत होती. मग सरांचा आवाज आला. दमलेला होता, पण उत्साहातच.

"बाई, जरा सांगा ह्यांना. ओसरी कशी होती तेवढं सांगा, उत्तरेला तोंड होतं का दक्षिणेला. मी हुडकतो. शाळेपाशी सगळे जमलेत, मी ह्यांना शब्द सांगितला, सगळ्यांना लई आवडला. फक्त बाई कोण तेवढं कळंना."

माझ्या समोर विभागप्रमुख बसल्या होत्या. प्रोबेशनचं पहिलं वर्ष होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून सांगते.

"दादा," मी म्हटलं, सरांशी नाही, उपसरपंचाशी. "सरांचा काहीतरी गोंधळ झालाय. मी असं काही सांगितलेलं नाही. त्यांचं वय झालंय हो, हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांना जरा लातूरच्या गाडीत बसवून द्याल का? आणि कंडक्टरला सांगा, लक्ष ठेव म्हणावं."

गलका थांबला. कुणीतरी एक हसलं. उपसरपंच एकदम हळू आवाजात, आजाऱ्याजवळ बोलतात तसं म्हणाला, "बरं बरं मॅडम. देतो बसवून."

सर काही बोलले नाहीत. 'अहो बाई, असं काय म्हणता' एवढंसुद्धा नाही.

फोन ठेवल्यावर विभागप्रमुखांनी विचारलं, "कोण होतं गं?"

"ते व्हायव्याला येणारे लातूरचे सर," मी म्हटलं. "भ्रमिष्टासारखं करायला लागलेत."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "वाटायचंच मला."

एवढं पुरलं. माणूस आधीपासून विक्षिप्त असला की त्याला वेडा ठरवायला फार काही लागत नाही. महिन्याभरात विद्यापीठात सगळ्यांना माहीत झालं. गेटवरच्या वॉचमनला कुणीतरी सांगून ठेवलं की लातूरचे ते आजोबा आले तर आत सोडू नका, घरी फोन करा. तशी वेळ आली नाही. सर आलेच नाहीत. खिडकीजवळच्या बाकावर नातेवाईक बसायला लागले. मी त्या काळात चार-पाच व्हायव्यांना गेले. प्रत्येक वेळी शेवटी परीक्षक विचारायचे, "श्रोत्यांपैकी कुणाचे प्रश्न?" आणि कुणाचे नसायचे. मला बरं वाटायचं.

चौदा महिने मी असे काढले.

मग लातूरला एका कार्यशाळेत ती रसायनवाली भेटली. आता ती तिथल्याच कॉलेजात शिकवते. जेवणाच्या रांगेत ती म्हणाली, "सरांकडे गेले होते गं. वाईट वाटलं. घराबाहेर सोडत नाहीत त्यांना. डॉक्टर झाले, मेंदूचा फोटो काढून झाला. काही निघालं नाही, पण मुलगा घाबरलाय. जळकोटकडं कुठंतरी भरकटले होते म्हणे, गावकऱ्यांनी गाडीत बसवून पाठवलं." ती ताटात वरण घेत होती. "मला तर बोलण्यात काहीच फरक वाटला नाही. मिरचीचं सगळं आठवत होतं."

मी ताट तसंच ठेवलं आणि रिक्षा करून सरांच्या घरी गेले. थांबले असते तर गेले नसते, हे मला माहीत होतं.

दार सुनेनं उघडलं. तिनं मला ओळखलं नाही. मी विद्यापीठातली म्हटल्यावर कोरड्या आवाजात म्हणाली, "बसा. अप्पा आत आहेत. जास्त बोलू नका त्यांच्याशी, मग दिवसभर अस्वस्थ होतात."

सर पलंगावर बसून कालचं वर्तमानपत्र वाचत होते. भस्म तसंच, शर्ट तसाच. खिसा मात्र रिकामा. मला पाहून उठायला लागले. मी म्हटलं, सर, बसा. आणि मग उभ्यानंच सगळं सांगितलं. वसतिगृहाची खोली, यादी, सुभद्राबाई, तूर, लेक, सगळं. रडायचं नाही असं ठरवून आले होते. तेवढं पाळलं.

सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "मला फोनवरच कळलं होतं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत, सर? तिथंच? किंवा नंतर कुणाला?"

"काय बोलणार?" ते म्हणाले. "खरं सांगू का, त्या वेळी मला तुमचा राग बी आला न्हाई. शब्द खोटा निघाला, हेच लई लागून राहिलं होतं. मी तो वर्षभर वापरला, बाई. रोज." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मुलाला म्हटलं, गाव चुकलं माझं. त्याला वाटलं, डोकं चुकलं."

मी म्हटलं, "सर, मला माफ करा."

"ते राहू द्या," ते म्हणाले, आवाजात कडूपणा नव्हता आणि गोडवाही नव्हता. "हे मला सांगून काय उपयोग? मला माहीत हाय. आत जा. सुनेला सांगा."

हे मला जमण्यासारखं नव्हतं. सरांसमोर लहान होणं सोपं होतं, ते मोठे होते. स्वयंपाकघरातल्या त्या बाईला मी काय सांगणार होते? पण सर दाराकडे बघत बसले होते, मी जाण्याची वाट बघत.

ती भाकऱ्या थापत होती. मी ओट्याशी उभी राहिले आणि म्हटलं, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांचं डोकं शाबूत आहे. ते भरकटले नव्हते. मी दिलेल्या पत्त्यावर गेले होते. पत्ता खोटा होता. आणि फोनवर मी सगळ्यांना सांगितलं की त्यांना काही आठवत नाही. ते खोटं होतं."

तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तरी तिनं ती उलटली नाही.

"आम्ही बाहेर जाताना बाहेरून कुलूप लावतो, मॅडम," ती म्हणाली. "दोघं कामावर जातो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. चौदा महिने." मग तिनं गॅस बंद केला. "मागच्या महिन्यात शेजारणीकडं सिलिंडर पेटला होता. आरडाओरडा झाला. अप्पा आत. मी आले तर खिडकीच्या गजाला धरून उभे. मला म्हणाले, काही न्हाई गं, विझला." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला एक फोन करता आला नाही?"

 

ती हात धुऊन आतल्या खोलीत गेली. कपाटाचा आवाज झाला. बाहेर आली ती सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली आणि आधार कार्ड त्यांच्या हातात दिलं. "अप्पा, घ्या," एवढंच म्हणाली, आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं कार्ड खिशात घातलं, आणि विचारलं, "उदगीरची पहिली गाडी अजून साडेसहालाच हाय का?"

"अप्पा! आता कशाला?"

"अगं, मी त्या गावात चुकीचं सांगून आलोय. शाळेपुढं उभं राहून सांगितलंय, तुमच्या गावात अशी बाई होती म्हून. ते दुरुस्त कोण करणार?"

मी म्हटलं, "सर, मी जाते. मी एकटी जाते."

"या की तुम्ही बी," सर म्हणाले. "पण सांगितलं मी होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. लातूरहून उदगीर, उदगीरहून जळकोट, पुढं टमटम. सर खिडकीशी बसले होते. वाटेत माझ्याशी फारसं बोलले नाहीत. सोयाबीनची काढणी चालू होती, ती बघत होते. जळकोटच्या स्टँडवर त्यांनी पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. ती घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी स्वयंपाकघरातही वाटली नव्हती.

गाव लहानसं. शाळा, पाण्याची टाकी, एक किराणा दुकान. उपसरपंच दुकानापाशीच उभा होता. पस्तिशीचा असेल. सरांना पाहून तो लगबगीनं पुढं आला, आणि फोनवर बोलला होता तशाच हळू आवाजात म्हणाला, "या सर, या. बसा. पाणी पिता का? संगं कोण आलंय? घरचं हाय का कुणी?"

"ह्या मॅडम," सर म्हणाले. "जरा माणसं बोलवता का शाळेपाशी? दोनच मिनिटं."

दहा-पंधरा माणसं जमली. चार म्हातारे, काही बायका, लेकरं. मागच्या वेळेची गंमत आठवून काही जण आधीच हसत होते. सर व्हरांड्याच्या पायरीपाशी गेले, चपला काढल्या आणि उभे राहिले.

"मागं मी तुम्हाला सांगितलं होतं की तुमच्या गावात सुभद्राबाई नावाच्या बाईनं एक शब्द सांगितला. तशी बाई नव्हती. शब्द बी नव्हता. मी नीट चौकशी न करता सांगितलं. तुमचा वेळ घेतला. चुकलं माझं."

 मी पुढं झाले. म्हटलं, "सरांचं काही चुकलेलं नाही. मी या गावात कधी आले नव्हते. बाई मी बनवली, शब्द मी बनवला, पुस्तकात गावाचं नाव घातलं. सर खरं बोलत होते. फोनवर मी खोटं बोलले. सरांना काही झालेलं नाही."

हसणारे गप्प झाले. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "काय म्हंती गं?" शेजारीण तिच्या कानाशी लागली. उपसरपंच सरांकडे बघत होता. त्या दिवशी त्यानंच सरांना दंडाला धरून गाडीत चढवलं असणार, कंडक्टरला खूण केली असणार. त्याचा चेहरा पडला होता. त्यानं सरांना हात जोडले. सरांनी त्याचे हात धरून खाली केले.

मग तो माझ्याकडे वळला. रागानं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मॅडम, एक विचारू का? तालुक्यात एवढी गावं हायेत. मग आमच्याच गावाचं नाव का टाकलं तुम्ही?"

सर माझ्याकडे बघत होते. मी चुटकीसरशी काहीतरी बनवू शकले असते. ते मला येत होतं.

"नकाशावर हे गाव मोठ्या रस्त्यापासून सगळ्यात लांब दिसलं," मी म्हटलं. "इथं कधी कुणी विचारायला येणार नाही, असं मला वाटलं होतं."

त्यानं पायाखालच्या मातीकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "येत न्हाईच कुणी."